मेघ मागे फिरला

सीनायच्या रानात इस्राएलाच्या वंशांची छावणी पडली होती, त्या काळी हननेलबाबा तिथे राहत असत. बाबा लेवी वंशातले. देवाच्या निवासमंडपाच्या दोऱ्या आणि खुंट्या वाहून नेण्याची सेवा त्यांच्या कुळाकडे होती. सोन्याची भांडी वाहणाऱ्यांना जो मान, तो खुंट्या वाहणाऱ्यांना कुठला? पण बाबा एकेक खुंटी पुसून, कपाळाला लावून मगच गाड्यात ठेवत.

छावणीची मांडणी देवाने स्वतः सांगितलेली होती. मधोमध मंडप, त्याभोवती लेवी आणि चार दिशांना आपापल्या निशाणाखाली बाकीचे वंश. मंडपावर देवाच्या सान्निध्याची खूण म्हणून मेघ उभा असे. तो उठला की रुप्याचे कर्णे वाजत आणि सारे चालू लागत. तो थांबेल तिथे मुक्काम. निघताना यहूदा वंश सर्वांत पुढे आणि दान वंश सर्वांत मागे. आणि ज्याने मेलेल्या माणसाला हात लावला असेल, त्याने शुद्धीचे दिवस संपेपर्यंत छावणीबाहेर राहायचे, अशी आज्ञा होती.

अदीना दान वंशातली. तिचा नवरा तापाने गेला. तिने आणि तिच्या सासूने, नामाबाईने, त्याला शेवटचे न्हाऊ घातले आणि दोघी छावणीबाहेर येऊन राहिल्या. अदीनाने कुरकुर केली नाही. सासूच्या सुजलेल्या पायांवर ती ओल्या फडक्याच्या घड्या ठेवी आणि दूरवरच्या मेघाकडे बघून हात जोडी. हननेलबाबा रोज छावणीच्या हद्दीपर्यंत येत, रानात रोज आकाशातून पडणाऱ्या मान्न्याची भाकर दगडावर ठेवत आणि मागे सरून विचारत, "मुली, म्हातारी काल जेवली का?"

एकदा अदीनाने विचारले, "बाबा, देवाला आम्ही इथून दिसतो का हो?"

"ज्याने छावणी आखली, त्याला हद्दीपलीकडचं दिसणार नाही कसं?" बाबा म्हणाले.

शेजारून पेलेत चालला होता. तो यहूदा वंशाचा सरदार. कूच शिस्तीत चालवण्याचे काम त्याच्याकडे होते आणि त्याचा त्याला मोठा ताठा होता. तो थांबून हसला. "बाबा, हिला कशाला नादी लावता? ही दानाची, म्हणजे शेवटची. त्यात अशुद्ध, म्हणजे शेवटच्याही मागची. तिथवर बघायला देवाला सवड नाही."

त्याच्याबरोबरचे लोकही हसले. अदीनाने मान खाली घातली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मेघ उठला. कर्णे वाजले, तंबू उतरले. अदीनाने सासूला उभे करून पाहिले, पण म्हातारीचे पाय जमिनीवर ठरेनात. अदीना हद्दीपर्यंत धावत गेली आणि तिने पेलेताला हाक मारली.

"सरदार, माझ्या सासूला चालवत नाही. एखादं गाढव द्या."

"ती बसली की जनावर अशुद्ध. मग त्याच्यावर ओझं कोणी लादायचं?"

"मग आमच्यासाठी थोडं थांबा तरी."

"थांबायचं कधी ते मेघ ठरवतो. देवाची शिस्त आहे ही, तुझ्या घरची नाही."

"देवाने आम्हाला बाहेर राहायला सांगितलंय," अदीना म्हणाली, "मागे टाकायला नाही सांगितलं."

पेलेताचा चेहरा कठोर झाला. "तुझी सासू आहे. तू वाहा," एवढे बोलून तो निघून गेला.

अदीनाने सासूला पाठीवर घेतले. पुढे सगळा समाज चालला होता, वंशामागून वंश, निशाणामागून निशाण, कुठे एक पाऊल चुकत नव्हते. दानाची माणसे तिच्या ओळखीची होती. काहींनी वळून पाहिले आणि पुन्हा समोर तोंड केले. हळूहळू त्यांच्या पाठी दिसेनाशा झाल्या आणि नुसती धूळ उरली. अदीना अडखळून गुडघ्यांवर पडली. त्या वेळी तिच्या मनात देवाविषयी काय आले, ते तिने पुढे कधी कोणाला सांगितले नाही.

तेवढ्यात धुळीतून कोणीतरी उलट्या दिशेने, त्यांच्याकडे चालत येताना दिसले. ते हननेलबाबा होते.

"बाबा, लांब राहा," ती ओरडली. "आम्हाला शिवलात तर तुमची सेवा जाईल."

"दोऱ्या वाहायला माझे भाऊबंद आहेत," बाबा म्हणाले. "हिला कोण आहे?" आणि त्यांनी नामाबाईला आपल्या खांद्यावर घेतले.

पण ऊन चढत गेले आणि म्हातारीचा श्वास तुटू लागला. बाबांनी तिला खाली निजवले. झाड नव्हते, खडकही नव्हता. अदीना तिच्या तोंडावर पदर धरून बसली. बाबांनी हात वर केले.

"देवा, प्रत्येकाची जागा तू नेमून दिलीस," ते म्हणाले. "हिची जागा कुठे, तेवढं दाखव."

आणि काय सांगावे, पुढे गेलेला मेघ थांबला! तो वळला, यहूदाच्या निशाणावरून मागे आला, मंडपाच्या गाड्यांवरून आला, दानाच्या शेवटच्या माणसाच्याही डोक्यावरून मागे आला आणि त्या तिघांवर येऊन उभा राहिला. तापलेली वाळू निवली.

नामाबाईने डोळे न उघडताच विचारले, "सावली आली का गं?"

"आली, आई."

"उशीर केला," म्हातारी पुटपुटली, आणि त्या सावलीतच तिचा प्राण गेला.

पुढे सारा समाज उन्हात खोळंबला होता. मेघाशिवाय कुठे वळायचे, हे पेलेताला कळेना. शेवटी तो मेघाच्या मागावर एकटाच चालत आला. त्याने पाहिले, तर बाबा आणि अदीना हातांनी खड्डा उकरत होते आणि ज्या मेघाखाली आजवर देवाचा मंडप उभा राहिला, त्या मेघाखाली एक मेलेली म्हातारी होती.

तो बाबांपुढे वाकू लागला.

"मला नको," बाबा म्हणाले. "आज्ञा देवाची होती, पेलेता. कोरडेपणा तुझा होता."

मग पेलेताने अदीनापुढे वाळूत कपाळ टेकले. "बाई, माझं चुकलं."

अदीनाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. सासूचे शरीर तिने बाबांच्या मदतीने खड्ड्यात ठेवले, चेहऱ्यावर फडके नीट ओढले. पेलेत तसाच वाकलेला होता.

"उठा," ती म्हणाली. "पाया पडून खड्डा भरत नाही. त्या बाजूची वाळू ओढा."

कबरीला हात लागला की आपणही अशुद्ध होणार, हे पेलेताला ठाऊक होते. त्याने दोन्ही हात वाळूत घातले. शेवटची ओंजळ पडेपर्यंत मेघ जागचा हलला नाही. मग तो उठला, पुढे गेला, दूरवर कर्णे वाजले आणि वंश आपापल्या जागी चालू लागले. दानाच्याही मागे, अंतर राखून, तिघे जण चालत होते. अदीना पुढे, बाबा तिच्यामागे, आणि सर्वांत शेवटी, मान खाली घालून, यहूदाचा सरदार.