हिरव्या टाक्याची जर्सी

एका गावात कबड्डीचं मैदान होतं, आणि मैदानाच्या अगदी समोर तुळशीराम शिंप्याचं दुकान होतं. दुकान कसलं, एक मशीन, एक कात्री, दाराशी एक बाकडं आणि मागे राहतं घर. पण सामना असला की त्या बाकड्यावर जागा मिळवायला गावातली मोठमोठी माणसं काकांची मनधरणी करत.

तुळशीरामकाकांचा कबड्डीवर भारी जीव. तिकडे चढाई सुरू झाली की इकडे मशीन बंद. हात कापडावर आणि डोळे मैदानावर. त्या गावातल्या निम्म्या पायजम्यांचा एक पाय लांब आणि एक आखूड का असे, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल.

तीस वर्षांपूर्वी त्या मैदानावर एक फार मोठा खेळाडू येऊन गेला. ऐन अंतिम सामन्यात, शेवटच्या पाच मिनिटांत, पकडीमध्ये त्याची लाल जर्सी खांद्यापासून छातीपर्यंत टरकन फाटली. पंच म्हणाले, "फाटक्या जर्सीनं खेळता येणार नाही." खेळाडू धावत सुटला तो थेट काकांच्या दुकानात. मशीनमध्ये कुणाच्या तरी ब्लाउजसाठी ओवलेला हिरवा दोरा होता. आता दोरा बदलायला वेळ कुठला! काकांनी तस्साच खर्रकन टाका मारला. खेळाडू परत गेला, एका चढाईत तीन गडी मारून आला आणि सामना जिंकला.

संध्याकाळी तो पुन्हा दुकानात आला. जर्सी काकांच्या हातात दिली आणि म्हणाला, "दादा, हा विजय तुमच्या टाक्याचा."

काकांनी जर्सी छातीशी धरली. "यावर सही तरी करा," एवढंच कसंबसं म्हणाले. पण दुकानात पेन नव्हतं. होता तो कापडावर खुणा करायचा खडू. खेळाडूनं त्या खडूनंच झोकदार सही ठोकली.

आता खडूची सही ती! दिवाळीपर्यंत अर्धी उडाली आणि संक्रांतीपर्यंत उरलेली. काकांना त्याचं काहीच नाही. "मी पाहिली आहे ना!" म्हणायचे. दर दसऱ्याला कात्री आणि मशीन पुजताना ते जर्सीही शेजारी ठेवत आणि तिच्या कडेला हळदीचं एक बोट लावत. तीस दसरे झाले, तीस बोटं झाली.

तेव्हापासून काकांना नादच लागला. खेळातलं जे जे कुणी टाकून देईल ते ते काका उचलून आणत. पंचांची मुकी झालेली शिट्टी, चषकाचा तुटलेला कान, विजयाच्या हाराची सुकलेली दोरी. पलंगाखालची लोखंडी पेटी गच्च भरली.

काकांच्या बायकोला, म्हणजे सोनाकाकूंना, त्या पेटीचा राग नव्हता. त्यांना जन्मात एकच हौस होती, समुद्र बघायची. लग्नात काकांनी वचन दिलं होतं, "तुला समुद्र दाखवीन." पण दर वर्षी काही ना काही निघे आणि काका म्हणत, "थांब गं, एक दिवस पेटी विकू. लाखाचा माल आहे!" असं करता करता काकूंचे केस पिकले.

मग एके दिवशी वर्तमानपत्रात बातमी आली. कुठल्याशा शहरात कुणा खेळाडूची जुनी जर्सी लिलावात कित्येक लाखांना गेली होती. काका बाकड्यावरून ताडकन उठले.

"अगं ए, ऐकलंस का? काढ तुझा फोन! पेटी विकायची!"

काकू बचत गटाच्या कामासाठी फोन वापरत, त्यामुळे त्यात पटाईत. त्यांनी पलंगावर धुतलेली चादर अंथरली, पेटीतल्या एकेका वस्तूचा फोटो काढला आणि जुन्या वस्तू विकायच्या एका बाजारात, म्हणजे फोनमधल्याच हो, सगळं चढवलं.

"जर्सीची किंमत काय लिहू?"

"एक लाख एक."

"वरचा एक कशाला?"

"शुभ असतं."

दोघं फोन मध्ये ठेवून बसले. चहा झाला, पुन्हा चहा झाला, आणि टिंग करून पहिला निरोप आला. काकूंनी वाचला, "शिट्टी वाजते का?"

"वाजत नाही, ऐतिहासिक आहे, असं लिही," काका म्हणाले.

उत्तर आलं, "मग नको."

चषकाचा कान एका भंगारवाल्यानं वजनावर मागितला. हाराच्या दोरीला कुणी हिंग लावून विचारलं नाही. आणि जर्सी? तिच्यासाठी एकानं ऐंशी रुपये देऊ केले आणि वर विचारलं, "गाडी पुसायला चालेल ना?"

काकांच्या अंगाची नुसती लाही लाही झाली. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आठवड्यात चाळीस निरोप आले, पण ऐंशीच्या वर कुणी चढेना. "सही कुठाय?" असं विचारलं की काका सांगत, "होती." "मग गेली कुठे?" "खडूची होती." समोरचा दुसऱ्या मालाकडे वळे. काकू मात्र पदराआड हसू दाबत. "अहो, राहू द्या हो," त्या म्हणत, "समुद्र काही आटत नाही." पण हसता हसता त्यांनी समुद्रासाठी वर काढलेली ठेवणीतली साडी पुन्हा घडी घालून कपाटात तळाशी ठेवलेली काकांनी पाहिली होती. ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

रविवारी दुपारी काकू गिरणीत दळण आणायला गेल्या आणि फोन घरीच राहिला. तो वाजला. शहरातला एक व्यापारी बोलत होता.

"काका, जर्सी बघितली. माल बरा आहे, पण अवतार वाईट. तो हिरवा टाका उसवा आणि लाल दोऱ्यानं सफाईदार शिवा. ते पिवळे डाग धुऊन काढा. वर पेनानं सही करा. दहा हजार देतो."

"सही? मी करू? त्यांची?"

"मग काय! खाली लिहून द्या, सामन्यानंतर तुमच्यासमोर केली म्हणून."

"केलीच होती. पण खडूनं."

"मग आता पेनानं करा! कुणाला कळतंय?"

दहा हजार! काकांच्या डोळ्यांसमोर समुद्र उभा राहिला. दोघांचं जाणं-येणं, दोन दिवस राहणं, वर काकूंना शिंपल्यांची माळ. आणि ते मनाशी म्हणाले, "सही खरंच होती की नाही? होती. मग खोटं कसं होईल? नुसती पुन्हा उमटवायची." माणसाला स्वतःची समजूत घालायची असली की किती चटकन घालता येते, बघा!

"बरं, उद्या पाठवतो," ते म्हणाले.

मग ते जर्सी घेऊन दुकानात बसले. मशीनमध्ये लाल दोरा ओवून तयार ठेवला. समोर मैदानावर मुलींच्या संघाचा सामना रंगला होता. जो जिंकेल तो पुढच्या स्पर्धेला जाणार होता. सगळं गाव ओरडत होतं. पण त्या दिवशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, काका मैदानाकडे पाठ करून बसले होते.

त्यांनी टोकदार कात्री घेतली आणि हिरवा टाका उचलला. कट्. एक टाका तुटला. कट्. दुसरा तुटला. आयुष्यात त्यांनी हजारो टाके उसवले होते, पण आज आपलंच काहीतरी उसवतंय असं त्यांना वाटलं आणि डोळे भरून आले.

तेवढ्यात दारातून एक मुलगी वाऱ्यासारखी आत आली. मुलींच्या संघाची कप्तान वैजू. धुळीनं माखलेली, धापा टाकत, पिवळी जर्सी खांद्यावर फाटलेली.

"काका, लवकर! पंचांनी बाहेर काढलंय! तीनच मिनिटं राहिलीत!"

काकांनी डोळे पुसले. "ती काढून दे इकडे. तोवर हे कापड गुंडाळ." त्यांनी फाटलेली कड जुळवली. तेवढ्यात वैजूची नजर समोरच्या लाल जर्सीवर पडली.

"काका, ही कुणाची? आणि लाल जर्सीला हिरवा टाका का हो?"

काकांचा हात जागच्या जागी थांबला. चाळीस निरोप आले होते. कुणी भाव विचारला, कुणी सही विचारली, कुणी गाडी पुसायचं विचारलं. हे एकानंही विचारलं नव्हतं.

"त्यांचीही अशीच फाटली होती," काका म्हणाले. "तुझ्यासारखेच धावत आले. मशीनमध्ये हिरवाच दोरा होता. तोच घातला. परत गेले आणि तीन गडी मारले."

वैजूचे डोळे लकाकले. "मग मलाही हिरवाच घाला!"

"अगं, मशीनमध्ये लाल आहे! तीन मिनिटं..."

"हिरवाच!"

काकांनी लाल दोरा खसकन ओढून काढला, हिरवा ओवला आणि खर्रकन टाका मारला. वैजू ती अंगात घालून पळाली. आणि काका? काका मशीन सोडून बाकड्यावर चढून उभे राहिले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "वैजू, डाव्या कोपऱ्यात जा!"

तीन नाही, दोनच गडी मारले तिनं. पण तेवढे पुरले.

दळणाचा डबा घेऊन सोनाकाकू परत आल्या तेव्हा दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळा संघ जमिनीवर बसला होता आणि मध्ये काका, गळ्यात टेप, हातात लाल जर्सी, "कबड्डी कबड्डी" करत मशीनभोवती चढाई करून दाखवत होते. मुली हसून हसून लोळत होत्या. "खडूनं सही? काका, तुम्ही पण ना!" आणि पुन्हा, "काका, पहिल्यापासून सांगा!"

मुली गेल्यावर काकांनी तुटलेले दोन टाके हिरव्या दोऱ्यानं पुन्हा घातले. मग काकूंना सारं सांगितलं. दहा हजार, पेन, सही, सगळं. "तुझा समुद्र पुन्हा राहिला गं," असं म्हणून मान खाली घातली.

काकूंनी जर्सीची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "बरं झालं. त्या पैशानं गेले असते ना, तर पाण्यात पाय घालायचीसुद्धा मला लाज वाटली असती." आणि त्यांनी व्यापाऱ्याला स्वतः फोन करून सांगितलं, जर्सी मिळणार नाही.

आता गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी वैजू पुन्हा दारात. मागे सगळा संघ आणि संघाच्या बाई.

"काका, पुढची स्पर्धा लांब आहे. तिथे जर्सी फाटली तर शिंपी कुठला शोधायचा? बाई म्हणाल्या, या वेळी शिंपी बरोबरच न्यायचा. हातमशीन घ्या आणि चला. आणि काकू, आम्हाला तिकडचं जेवण चालत नाही. तुम्हीही चला. संघाच्या गाडीत दोन जागा आहेत."

"कुठे आहे गं स्पर्धा?" काकूंनी विचारलं.

"समुद्राकाठी! मैदानाच्या मागेच वाळू आहे म्हणे."

काकूंच्या हातातलं लाटणं खाली पडलं. ठेवणीतली साडी पुन्हा वर निघाली, हे काय सांगायला हवं?

गाडीच्या टपावर हातमशीन बांधलं आणि निघाले सगळे. प्रत्येक मुलीच्या जर्सीच्या खांद्यावर, फाटलेली असो नसो, एक हिरवा टाका होता. अंतिम सामन्यात त्या एका गुणानं हरल्या. थोडा वेळ रडल्या, मग काकूंच्या हातची पिठलं-भाकरी खाऊन ताज्यातवान्या झाल्या आणि धावत सुटल्या पाण्याकडे. सोनाकाकू सगळ्यांच्या पुढे! साडीचा काठ हातात धरून त्या लाटेत उभ्या राहिल्या, लाट आली, गुडघ्यापर्यंत भिजवून गेली, आणि काकू लहान पोरीसारख्या किंचाळून हसल्या. काका नुसते बघत राहिले. इतकं सुख त्यांना लाख मिळूनही झालं नसतं.

वैजूनं आपली पिवळी जर्सी काकांच्या हातात ठेवली. "ही तुमच्या पेटीत. थांबा, सही करते."

काकांनी लगेच खिशात हात घातला आणि खडू काढला.

"अहो, ठेवा तो खडू!" काकू पाण्यातूनच ओरडल्या. "माझ्या पिशवीत पेन आहे! पक्क्या शाईचं! घरून आणलंय मी!"

सगळ्या मुलींनी सह्या केल्या. तेवढ्यात पिशवीतला फोन टिंग करून वाजला. तोच व्यापारी. "लाल जर्सीचे बारा हजार देतो. शेवटचा भाव बोला."

काकूंनी ओले हात पदराला पुसले आणि उत्तर लिहिलं, "विकायची नाही. पण तिची गोष्ट ऐकायची असेल तर दुकानात या. चहा पाजू."

तात्पर्य: वस्तूचा भाव विचारणारे पुष्कळ भेटतात, तिची गोष्ट विचारणारं माणूस भेटलं, की समजावं, खरं मोल तिथे झालं.