पहिला डाग

एकदा एक कापडाचे व्यापारी आपल्या घरासाठी जेवणाचे टेबल घडवून घ्यायला एका वृद्ध कारागिरांकडे गेले.

शहराबाहेर, फरशीच्या वखारींच्या ओळीत या वृद्धांची कार्यशाळा होती. सगळे त्यांना आप्पा म्हणत. पूर्वी त्यांनी देवळांच्या पायऱ्या आणि तुळशीवृंदावने घडवली होती. आता आजच्या घरांना लागतात त्या वस्तू ते घडवत. दगडी टेबले, दिव्यांच्या बैठका, हात धुण्याची कुंडे, चहाची तबके. काळाप्रमाणे काम बदलले, पण त्यांचा एक नेम बदलला नव्हता. नवा दगड गाडीतून उतरला की ते त्यावर तांब्याभर पाणी ओतत, दोन्ही हात टेकवत आणि म्हणत, "लांबून आलात. उपकार झाले." पाणी वाळताना दगडातल्या बारीक चिरा दिसतात, म्हणून सगळेच कारागीर पाणी ओततात. आप्पा म्हणत, "चिरा दिसतात हा आपला लाभ. पाणी मात्र पाहुण्याचे पाय धुवावेत तसं घालायचं."

त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्या शिकत होती. तिथली रीत अशी, की ज्याने वस्तू आरंभापासून शेवटपर्यंत घडवली, त्याने तिच्या पोटाशी, कोणाला न दिसेल अशा जागी, आपली खूण कोरायची. शिष्येने अजून एकही खूण कोरली नव्हती. शेटजींचे टेबल तिच्या हातचे पहिले ठरणार होते.

"पांढराशुभ्र संगमरवर हवा," शेटजी म्हणाले, "आरशासारखा. आणि आप्पा, डाग पडता कामा नये."

"डाग न पडणारा संगमरवर मी अजून पाहिला नाही, शेटजी. काळा दगड घ्या. तो सगळं पोटात घालतो."

"छे, काळा नको. पांढराच. डागाचं आम्ही पाहून घेऊ. घरात सांगून ठेवलंय."

'घरात' म्हणजे कोणाला, ते माप घ्यायला गेल्यावर कळले. बैठकीत एक लहानशी संगमरवरी तिपाई होती, तिच्यावर प्लास्टिक आणि त्यावर विणलेला रुमाल. शेटजींच्या पत्नींनी रुमाल उचलून एक निस्तेज ठिपका दाखवला.

"ही बघा आमच्या सूनबाईंची सही! लग्नानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला लिंबाच्या लोणच्याची गळकी बरणी टेकवली. आल्यागेल्याला दाखवते मी."

सगळे हसले. चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली सून, गौतमी, तीही हसली. पण तिने तो ट्रे कुठेच टेकवला नाही. सगळ्यांनी कप उचलेपर्यंत तो हातातच धरून ती उभी राहिली. आप्पांनी ते पाहिले.

निघताना दाराशी तिने शिष्येला हळूच विचारले, "ताई, नव्या टेबलावर काय काय ठेवलेलं चालत नाही?"

आपल्या कामाची कोणीतरी इतकी काळजी करते आहे, याचा शिष्येला आनंद झाला. ती उत्साहाने म्हणाली, "लिंबू नको, चिंच नको, कोकम नको. हळद तर अजिबात नको. तापलेलं भांडं नको. ओला पेला ठेवलात तर लगेच पुसायचं."

"अगंबाई, मग जेवायचं काय?" गौतमी हसली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी आपली ओट्याशीच जेवते. ते बरं पडतं."

आप्पा वहाणा घालत होते. त्यांनी ते ऐकले.

श्रावणात काम सुरू झाले. कापून, घडवून झाल्यावर शिष्या तो दगड पाण्यात घासत बसे; आधी खरखरीत, मग मऊ, मग त्याहून मऊ अशा घोटणीने. तिच्या बोटांची कातडी झिजली. मार्गशीर्ष उजाडला तेव्हा त्या दगडात छपराचा दिवा दिसू लागला होता. आप्पांनी त्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "कोर तुझी खूण." त्या रात्री तिला आनंदाने झोप आली नाही.

टेबल गुरुवारीच यावे, अशी शेटजींच्या पत्नींची इच्छा होती. घरात महालक्ष्मीचे व्रत, संध्याकाळी सवाष्णी हळदीकुंकवाला यायच्या होत्या. टेबल मांडले गेले. त्यांनी हळदकुंकू आणले आणि ते टेबलाच्या पायाला वाहिले. वर डाग नको म्हणून.

आप्पांनी ते पाहून विचारले, "वहिनी, एक लिंबू मिळेल?"

"मिळेल की! दृष्ट काढायलाच हवी हो," असे म्हणत त्यांनी लगबगीने लिंबू आणि सुरी आणून दिली.

आप्पांनी लिंबू चिरले. आणि ओवाळून टाकायच्या ऐवजी त्यातली एक फोड, चिरलेली बाजू खाली करून, त्या झळझळीत दगडाच्या बरोबर मध्यावर ठेवली.

शिष्या पुढे धावली. आप्पांनी तिचे मनगट धरले. "थांब. चुन्याला आंबट लागलं की तो बोलतो. बोलू दे त्याला."

थोड्या वेळाने त्यांनी फोड उचलली. आरशाच्या मधोमध एक वर्तुळ उमटले होते, आंधळे, निस्तेज.

"आप्पा!" शेटजी ओरडले. "बुद्धी ठिकाणावर आहे ना?"

शिष्येचे डोळे भरून आले. "माझं पहिलं काम होतं हो ते."

"रागवा," आप्पा शांतपणे म्हणाले. "दोघांचाही हक्क आहे. पण एक ऐका. हा दगड कोणे एके काळी समुद्रातल्या शंखशिंपल्यांचा चुना होता. भूमीच्या पोटात दबला, तापला, तेव्हा इतका शुभ्र झाला. एवढं सोसून तो या घरी आला तो आरसा व्हायला नाही, तुमच्या ताटांखाली बसायला. आंबटतिखट खाणाऱ्या घरात त्याला आज ना उद्या डाग पडणारच. प्रश्न इतकाच, की पहिला डाग कोणाच्या हातून पडेल. या घरात तो कोणाच्या हातून पडला असता, हे तुम्ही जाणता, मीही जाणतो. दगडावरचा डाग घासून निघतो, शेटजी. माणसाच्या नावावर पडलेला निघत नाही. म्हणून हा मी माझ्या नावावर घेतला. कोणी विचारलं, तर सांगा, कारागीर म्हातारा होता, जरा वेडाच होता."

मग ते शेटजींच्या पत्नींकडे वळले. "वहिनी, पूजेच्या शेवटी तुम्ही म्हणता ना, काही उणं-अधिक झालं असेल तर पदरात घे? देवीपुढे ते शेवटी म्हटलं तरी चालतं. घरात मात्र ते आधीच म्हणून ठेवावं लागतं. नाहीतर माणसं नैवेद्यसुद्धा भीतभीत वाढतात."

शेटजींच्या पत्नी त्या तिपाईवरच्या रुमालाकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी हाक मारली, "गौतमी, चहा आण गं."

गौतमी ट्रे घेऊन आली आणि नेहमीसारखी धरून उभी राहिली. सासूबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, उघड्या दगडावर ठेवला, आणि खुर्ची ओढून म्हणाल्या, "बस."

शेटजी पुटपुटले, "घासून निघेल ना पण हा?"

"निघेल की," आप्पा शिष्येकडे बोट दाखवत म्हणाले. "ही येईल, हिला येतं ते. हवं तेव्हा निरोप धाडा."

परतीच्या वाटेवर शिष्या म्हणाली, "आप्पा, त्या दिवशी दाराशी मीच तिला सांगितलं होतं, हे नको, ते नको."

"सांगितलंस ते सगळं खरंच होतं, बाळ. फक्त एक वाक्य राहिलं."

"कोणतं?"

"'आणि काही झालंच, तर मी आहे,' हे."

चैत्रात शेटजींच्या घरून निरोप आला, डाग काढायला या. शिष्या घोटणीची पिशवी घेऊन सकाळीच गेली आणि दुपार कलल्यावर परतली. आप्पा नुकत्याच उतरलेल्या एका दगडावर पाणी घालत होते.

"घासून आलीस?"

"नाही," ती म्हणाली. "जेवून आले."

आप्पांनी तांब्या खाली ठेवला.

"कुठला घासू, तेच कळेना," शिष्या सांगू लागली. "तुमच्या लिंबाला आता सोबत झालीय. शेटजींच्या जागेपाशी वरणाचा पिवळा ओघळ आहे, त्यांच्याच हातचा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची लाली एका कोपऱ्यात. सासूबाई म्हणाल्या, 'पाव्हण्यांसाठी बोलावलं होतं तुला, पण आता कुठला कुठला काढणार? बस, पान वाढलंय.' आंब्याची डाळ होती. आणि आप्पा, गौतमीताई माझ्या शेजारी बसली. पन्ह्याचा ओला पेला तिने थेट दगडावर ठेवला. पुसलाही नाही."

"आणि तुला काय वाटलं?"

"आज पहिल्यांदाच वाटलं, माझं टेबल पूर्ण झालं."

आप्पांनी बाजूला सरकून जागा केली. शिष्येने पिशवी खाली ठेवली, नव्या दगडावर दोन्ही हात टेकवले आणि हळूच म्हणाली, "लांबून आलात. उपकार झाले."

घरात नवी वस्तू आली, की पहिला डाग मोठ्यांनी आपल्या नावावर घ्यावा. म्हणजे धाकटी माणसे त्या घरात निर्भयपणे जेवतात.