जोग्याचा कडा आणि पाठमोरं गाव

या कड्याला जोग्याचा कडा म्हणतात. नाव ऐकलं की पाहुण्यांना वाटतं, इथे कुणी जटाधारी महात्मा तपाला बसला असणार. मागे एक गृहस्थ वर भगवं निशाण लावून, दोन नारळ फोडून गेले. आम्ही म्हटलं, भक्ती आहे, असू द्यावी. पण जोगी महात्मा नव्हता. जोगी कुत्रा होता.

आणि आज सकाळी जिच्याकडे पाठ करून सारं गाव उभं होतं, आणि तुम्ही भराभर फोटो काढत होतात, ती काळी शिळा म्हणजे वाट्याची शिळा. दर रंगपंचमीला गाव तिच्यावर नाचणीची भाकरी आणि बोकडाचं काळीज ठेवतं, तोंड फिरवतं आणि गप्प उभं राहतं. तो वाटा खायला येणाऱ्या कुत्र्यांना कुणी हाक मारत नाही. तुमच्यातल्या एकाने विचारलं, मागे वळून पाहिलं तर देव कोपतो का. देवाचा इथे काही संबंध नाही. आम्ही पाठ करतो ती शरमेने. ज्याची शरम तो केव्हाच गेला, पण गावाने ती वाटून घेतली आहे.

किती पिढ्या झाल्या ते मला सांगता येणार नाही. या गावात धावजी नावाचा शिकारी होता, असं सांगतात. तेव्हा शिकार गावाने मिळून करायची रीत होती. माणसं हाका घालून रान उठवत आणि जनावर पडलं की जागेवरच वाटे होत. पहिला घाव ज्याचा त्याला मांडी, बाकी माणशी एक वाटा, आणि ज्याचं कुत्रं त्याला कुत्र्याच्या नावाचा एक वाटा जास्त. हा कुत्र्याचा वाटा मालकाच्याच मडक्यात शिजायचा. कुत्र्याला हाडं मिळायची.

धावजीला ते पटेना. कुत्र्याच्या नावाचं ते कुत्र्याच्याच तोंडात पडावं, आणि तेही माणसाच्या आधी, असं तो चारचौघांत बोलला. लोक हसले. उद्या कुत्र्यांना पंगतीला पाट मांड, म्हणाले. धावजी मुळातला तापट. त्याने गावाबरोबर रानात जाणं सोडलं आणि पवळी नावाची कुत्री व तिचा पोरगा जोगी, एवढ्या दोघांना घेऊन एकटाच शिकार करू लागला.

एकट्याने कुत्र्यांच्या जोरावर शिकार करणं खायचं काम नव्हे. हाकारे नाहीत, जाळं धरायला दुसरा हात नाही. कुत्र्यांनी जनावर अडवायचं आणि सांगितल्याबरोबर बाजूला व्हायचं, नाहीतर ती डुकराच्या सुळ्यावर जायची. त्यासाठी धावजीची एक हाक होती. "वाटा रं, वाटा!" ती ऐकली की दोघंही तोंडातलं टाकून त्याच्याकडे धावत, कारण त्या हाकेमागोमाग या शिळेवर त्यांचा वाटा पडायचाच. आधी पवळीला, मग जोगीला, उरेल ते घराला. ती हाक एकदाही खोटी गेली नव्हती, आणि त्याचा धावजीला अभिमान होता.

मग लागोपाठ दोन वर्षं पावसाने तोंड फिरवलं. रान ओस पडलं. त्यातच धावजीची बायको ठकू बाळंत झाली. मुलगी महिन्याची, आणि आईच्या अंगावर दूध नाही. आठ दिवस वणवण केल्यावर एक ससा मिळाला. ससा तो केवढा असणार! जोगीने तो तोंडात धरला होता. धावजीने हाक दिली, "वाटा रं, वाटा!" जोगीने ससा टाकला आणि दोघं शिळेपाशी येऊन बसली. धावजीने ससा उचलून झोळीत घातला आणि रिकामे तळवे त्यांच्यापुढे धरले. कुत्र्यांना काही कळेना. पवळीने तळवे चाटून पाहिले. तो घराकडे निघाला तरी ती दोघं बराच वेळ शिळेपाशीच बसून होती म्हणे.

घरी ठकूने एवढंच विचारलं, "कुत्र्यांचं देऊन आलात नव्हं?"

"आलो," धावजी म्हणाला.

मी त्याला ससा नेला म्हणून बोल लावत नाही. घरात तान्हं रडत असताना मीही तेच केलं असतं. त्याने ससा जोगीच्या तोंडातून हिसकावून घेतला असता तरी चाललं असतं. हिसकावणं कुत्र्याला कळतं. त्याने हाक वापरली, तिथे तो चुकला. आणि एकदा केलेलं दुसऱ्यांदा जड जात नाही. त्या उन्हाळ्यात त्याने चार-पाच वेळा तसंच केलं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. कुत्री दर वेळी येत, मात्र दर वेळी थोडी सावकाश.

तिसऱ्या वर्षी पाऊस झाला. ठकू सावरली, मुलगी रांगू लागली, रानात जनावर परतलं. धावजी पुन्हा नेमाने वाटा देऊ लागला, मापापेक्षा जास्तच. त्याला वाटलं, कुत्रीच ती, विसरली असतील.

मार्गशीर्षात एके सकाळी दोघांनी एक भेकर उठवलं. वर सड्यावर, म्हणजे कड्याच्या माथ्यावरच्या पठारावर, गवत कमरेएवढं वाढून वाळलेलं, पाय घसरेल असं. भेकर कड्याच्या दिशेने पळालं. भेकराला कड्याची धार ठाऊक असते. ते ऐन टोकाला गर्रकन वळतं. कुत्र्यांना तेवढं वळता येत नाही. धावजी वरच्या अंगाला होता, त्याला गवताचा शेवट दिसत होता. त्याने जीव तोडून हाक दिली, "वाटा रं, वाटा!"

दोघांनी ऐकली. पवळी थांबली. जोगीने पळता पळता मान वळवून धन्याकडे पाहिलं, आणि मान पुन्हा पुढे केली. त्यानंतर तो दिसला नाही.

पवळी आली. आली आणि तिने त्याचा हात हुंगला. हात रिकामा होता. सकाळची वेळ, अजून काही मारलं नव्हतं, देणार काय? म्हणजे जीव वाचवायला मारलेली ती हाकसुद्धा खोटीच होती. कमरेच्या फडक्यात भाकरीचा तुकडा बांधून आणला असता तर निदान एकीशी तरी तो खरा ठरला असता. पवळी वळली आणि घळीच्या वाटेने खाली जोगीपाशी जाऊन बसली. तीन दिवस ती तिथून हलली नाही.

चौथ्या दिवशी धावजी गावासमोर उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं कुणीही त्याच्या तोंडावर फेकू शकलं असतं. कुणी फेकलं नाही. प्रत्येकाच्या मडक्यात कुत्र्याचा वाटा शिजलेला होता.

पवळी पुढे घरी आली. ठकूने घातलेलं खाई, धावजीला पाहून शेपूटही हलवी. पण त्याच्या हातचं तिने तोंडी लावलं नाही. तो रोज शिळेवर तिचा वाटा ठेवी आणि हाक मारी. ती दूर बसून नुसती पाही. एके दिवशी तो थकला. हाक न मारताच वाटा ठेवला, शिळेकडे पाठ केली आणि कड्याकडे बघत रडू लागला. तेव्हा त्याला मागे पवळी खात असल्याचा आवाज आला. त्या दिवसापासून तो तसंच करू लागला. चार वर्षं त्याने तिला खाताना पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

मग एका दुपारी तो वाटा ठेवून पाठमोरा उभा राहिला आणि मागून आवाजच येईना. वळून पाहायचं नाही, एवढं एक वचन त्याने स्वतःला दिलं होतं, आणि आता त्याला आणखी एक मोडायचं नव्हतं. ऊन कललं तरी तो तसाच उभा. शेवटी ठकू शोधत आली. तिने शिळेपाशी निपचित पडलेल्या पवळीकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ती गेली वो. वळा आता."

"खाल्लं का तिनं?" धावजीने विचारलं.

ठकूला हो म्हणता आलं असतं. पण खोट्याने त्या घराचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. "न्हाई," ती म्हणाली.

आता शिकारीला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. पण आजही रंगपंचमीला शिळेवर वाटा पडतो आणि गाव पाठ करून उभं राहतं. फक्त गावातली सगळ्यात थोरली बाई शिळेकडे तोंड करून असते. कुत्री लवकर आली तर घटकाभर, नाही आली तर दिवस कलेपर्यंत आम्ही उभे राहतो. शेवटचा तुकडा उचलला गेल्याशिवाय ती बाई बोलत नाही. मग ती कड्याकडे मान वर करून, धावजीला सांगावं तसं सांगते, "खाल्लं वो. वळा आता." तेव्हा आम्ही वळतो.