चाक बीळ सोडेना

मांडी घाला, जवळ सरका आणि ऐका. ही गोष्ट आमच्या कुंपणापलीकडची आहे. मी डोळ्यांनी पाहिली. मुद्दाम नाही हं, मी आपली कपडे वाळत घालत होते.

एक होती चिचुंद्री. एवढीशी. नाक लांब, डोळे बारीक. दिसायचं कमी, म्हणून नाकानेच बघायची. अंगाला वास यायचा, म्हणून कुणी जवळ करायचं नाही.

भैरूदादाच्या अंगणात, भिंतीच्या कडेला तिचं बीळ होतं. बिळात तीन पिल्लं होती. गुलाबी, उघडी, बोटाच्या पेराएवढी.

त्या दिवशी आभाळ राखेसारखं होतं. ऊन नाही, पाऊस नाही. चिचुंद्री किडे शोधायला गेली. दोन किडे खाल्ले. तुरुतुरु तुरुतुरु परत आली.

बीळ कुठंय?

बिळावर चाक!

भैरूदादाच्या मोटारसायकलचं मागचं चाक. काळं, जड, गप्प.

भैरूने गाडी ढकलत आणली होती. खर्र खर्र, खर्र खर्र. भिंतीशी आली आणि अडली ती अडलीच. मी म्हटलं, "काय रे भैरू, घोडं कुठं पेंड खातंय?" भैरूने हात झटकले. गाडी तिथंच सोडली आणि पायरीवर जाऊन बसला.

चाकाखालून आवाज आला. चीं, चीं, चीं. तीन पिल्लं, तीन हाका.

चिचुंद्री चाकाला म्हणाली,
"चाकभाऊ, चाकभाऊ, बाजूला हो.
पिल्लं माझी आत, मी बाहेर."

चाक म्हणालं, "मी कसं हलू? माझ्या पोटात ब्रेकचा लायनर बसलाय. त्याने मला घट्ट धरलंय. तो सोडेल, तर मी हलेन."

चाकाच्या मधोमध एक डबा असतो. त्या डब्यात, अंधारात, लायनर राहतो. चिचुंद्री वर चढली, तुरुतुरु तुरुतुरु. डब्याला नाक लावलं.

"लायनरभाऊ, लायनरभाऊ, चाकाला सोड.
चाक बीळ सोडेना,
पिल्लं माझी आत, मी बाहेर."

लायनर आतून बोलला. आवाज घोगरा. "मी कसा सोडू? ब्रेकची दांडी मला ताणते. ती ढिली होईल, तर मी सोडेन."

दांडी होती लांब, लोखंडाची. पायाच्या ब्रेकपासून पार मागच्या चाकापर्यंत. चिचुंद्री दांडीवर गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"दांडीताई, दांडीताई, ढिली हो.
लायनर चाक सोडेना,
चाक बीळ सोडेना,
पिल्लं माझी आत, मी बाहेर."

दांडी म्हणाली, "मी कशी ढिली होऊ? माझ्या टोकाला नट आहे. त्याने मला आवळलंय. बघ ना, कंबर मोडायची वेळ आली. तो फिरेल, तर मी ढिली होईन."

चाकाखालून आवाज आला. चीं, चीं.

दोनच हाका.

चिचुंद्री नटाकडे गेली, तुरुतुरु तुरुतुरु.

"नटभाऊ, नटभाऊ, जरा फिर.
नट दांडी सोडेना,
दांडी लायनर सोडेना,
लायनर चाक सोडेना,
चाक बीळ सोडेना,
पिल्लं माझी आत, मी बाहेर."

नट म्हणाला, "मी कसा फिरू? मला हात नाहीत, पाय नाहीत. मला पाना फिरवतो. तीन दिवसांमागे इतका रागारागाने फिरवला, माझे कोपरे झिजले. पाना येईल, तर मी फिरेन."

पाना कुठं होता? धुण्याच्या दगडाखाली, साबणाच्या पाण्यात. एका बाजूने गंजत होता. चिचुंद्री पाण्यातून गेली, चुबुक चुबुक. पोट भिजलं, मिश्या भिजल्या.

"पानामामा, पानामामा, लवकर चल.
पाना नट फिरवेना,
नट दांडी सोडेना,
दांडी लायनर सोडेना,
लायनर चाक सोडेना,
चाक बीळ सोडेना,
पिल्लं माझी आत, मी बाहेर."

पाना म्हणाला, "मी कसा येऊ? भैरूदादाने मला इथं भिरकावलं. तीन दिवस पडलोय. भैरूदादा उचलेल, तर मी येईन."

चाकाखालून आवाज आला. चीं.

एकच हाक.

चिचुंद्री पळाली. तुरुतुरु तुरुतुरु, तुरुतुरु तुरुतुरु. भैरूदादा पायरीवर बसला होता. शेजारी चहा होता. चहावर साय धरली होती. त्याने घोटसुद्धा घेतला नव्हता.

"दादा, दादा, पाना उचल.
दादा पाना उचलेना,
पाना नट फिरवेना,
नट दांडी सोडेना,
दांडी लायनर सोडेना,
लायनर चाक सोडेना,
चाक बीळ सोडेना,
पिल्लं माझी आत, मी बाहेर."

भैरूदादा म्हणाला, "मी कसा उचलू गं बाई? त्या गाडीला हात लावावासा वाटत नाही. माझी गौरा तीन दिवस माझ्याशी बोलत नाही. ती बोलेल, तर मी उचलेन."

गौरा म्हणजे भैरूची लेक. पाच वर्षांची. एरवी एवढी बडबड करायची की मला माझ्या घरात रेडिओ लावावा लागायचा नाही. तीन दिवस सगळं गप्प होतं.

गौरा पाण्याच्या टाकीमागे बसली होती. गुडघ्यावर हळद लावलेली. पिवळी, वाळलेली. चिचुंद्री तिच्या पायाशी गेली. आता तिला धाप लागली होती.

"ताई, ताई, दादाशी बोल.
गौरा दादाशी बोलेना,
दादा पाना उचलेना,
पाना नट फिरवेना,
नट दांडी सोडेना,
दांडी लायनर सोडेना,
लायनर चाक सोडेना,
चाक बीळ सोडेना,
पिल्लं माझी आत, मी बाहेर."

गौराने वासाला नाक मुरडलं नाही. हळूच म्हणाली, "मी कशी बोलू? आम्ही उतारावर गाडीवरून पडलो. बाबा म्हणाले, तू हललीस म्हणून पडलो. सगळ्यांसमोर म्हणाले. मी हलले नव्हते. मी बाबांना घट्ट धरलं होतं. बाबा खरं बोलतील, तर मी बोलेन."

चिचुंद्रीने कान दिला.

चाकाखालून आवाज आला नाही.

पुन्हा कान दिला.

नाही.

आता नवीन कुणाकडे जाणार? कुणी उरलंच नव्हतं. चिचुंद्री मागे फिरली. तुरुतुरु नाही, हळूहळू. एक पाय, मग दुसरा पाय. पुन्हा त्याच पायरीशी आली.

"दादा, दादा, खरं बोल.
दादा खरं बोलेना,
गौरा दादाशी बोलेना,
दादा पाना उचलेना,
पाना नट फिरवेना,
नट दांडी सोडेना,
दांडी लायनर सोडेना,
लायनर चाक सोडेना,
चाक बीळ सोडेना,
पिल्लं माझी आत, मी बाहेर."

भैरूदादाने मान खाली घातली. आपला हात बघितला. तळव्यावर काळं ग्रीस वाळलं होतं. मग उठला. टाकीमागे गेला आणि गौरासमोर जमिनीवर बसला.

"गौरा, तू हलली नव्हतीस," तो म्हणाला. "ब्रेक ढिला होता. पाय पार खाली जायचा, तरी गाडी थांबायची नाही. मला आठ दिवस ठाऊक होतं. उद्या बघू, उद्या बघू म्हणत राहिलो. तुझं नाही चुकलं. माझं चुकलं."

माझ्या हातात ओली चादर होती. ती तशीच राहिली. पायावर पाणी गळत होतं, टप टप.

गौराने बाबाकडे बघितलं. हसली नाही. म्हणाली, "बाबा."

एवढंच. मग म्हणाली, "तिची पिल्लं."

भैरूदादा ताडकन उठला.

गौरा दादाशी बोलली,
दादाने पाना उचलला, चुबुक.
पान्याने नट फिरवला, किर्र किर्र किर्र.
नटाने दांडी सोडली.
दांडीने लायनर सोडला.
लायनरने चाक सोडलं, टक्.
भैरूदादाने गाडी ढकलली.
चाक हललं, घुर्र. एक वीतभर.
बीळ उघडलं.

तोंडाशी माती दबली होती. चिचुंद्रीने नाकाने उकरली, खुरुखुरु खुरुखुरु. आत गेली. शेपटीही आत गेली.

गौराने जमिनीला कान लावला. भैरूदादा पाना धरून उभा. मी कुंपणाला धरून उभी.

काहीच नाही.

काहीच नाही.

चीं.

गौराने एक बोट वर केलं.

चीं.

दुसरं बोट वर केलं. मग थांबली. तिसरं बोट तिने अर्धंच उचललं होतं. कितीतरी वेळ अर्धंच.

ची...

अगदी बारीक. पण आली.

"तीन," गौरा म्हणाली. भैरूदादाने डोळे पुसले. काळं ग्रीस गालाला लागलं. मी म्हटलं, "तोंड धू आधी, भूत दिसतोयस."

मग भैरूने गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. मागचं चाक अधांतरी झालं. हाताने फिरवलं. चाक छान फिरलं, सर्र सर्र.

"आधी नट ढिला ठेवला, म्हणून पडलो," तो म्हणाला. "मग रागाने आवळत सुटलो, म्हणून अडकलो. फार ढिला नको, फार घट्टही नको."

"मग किती?" गौराने विचारलं.

"पाय दोन बोटं खाली गेला की ब्रेक लागायला हवा."

"माझी दोन का तुमची दोन?"

"माझी दोन. तुझी तीन."

गौराने तीन बोटं लावून बघितलं. म्हणाली, "अजून थोडं." पान्याने नट थोडा फिरला, किर्र. पुन्हा बोटं लावली. "आता बरोबर." चाक फिरवलं, सर्र सर्र. भैरूने ब्रेक दाबला. चाक थांबलं, टप्. पाय काढला. चाक सुटलं, सर्र.

भैरू एकटाच गाडी घेऊन गेला. हळू, सपाट रस्त्यावर. थोडं जायचा, थांबायचा. थोडं जायचा, थांबायचा. गौरा फाटकातून बघत होती. त्या दिवशी ती गाडीवर बसली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भैरूने तिला बस म्हटलं नाही.

आठ-दहा दिवस गेले. पिल्लांच्या अंगावर मऊ राखाडी केस आले. आभाळ अजून तसंच होतं. मी भाजी निवडत बसले होते, तर भिंतीच्या कडेने कोण येतंय?

चिचुंद्री पुढे. तिची शेपूट पहिल्या पिल्लाच्या तोंडात. पहिल्याची शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. दुसऱ्याची शेपूट तिसऱ्याच्या तोंडात. तिसरं सगळ्यांत बारीक. पाय घसरायचे, पण शेपूट सोडायचं नाही. तुरुतुरु तुरुतुरु चौघं निघाली. कुंपणाखालून आली ती थेट माझ्या सरपणात शिरली.

वास येतो. येऊ दे.

गौरा त्यांच्या मागे कुंपणापर्यंत आली होती. वाकून बघत होती. तिच्या मागून भैरू आला, हातात गाडीची किल्ली. "दुकानात जातो," म्हणाला. "चालत जाऊ?" गौराने विचारलं.

भैरूने गाडीकडे बघितलं. किल्ली खिशात टाकली.

गौराने बाबाच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलं. बाबा पुढे, गौरा मागे. उतारावरून दोघं हळूहळू खाली गेली. टोक तिने सोडलं नाही.

चाक सुटलं, बीळ सुटलं, गोष्टही सुटली. चला, आता तुम्हीही सुटा.