ताटावरचे नाव

एकदा एका मठाच्या उत्सवात पंगती उठल्या आणि थर्माकोलच्या ताटल्यांनी शेजारचा ओढा तुंबला. व्यवस्था पाहणाऱ्या शिष्याला त्या दिवशी मान वर करवेना. एकदा वापरून फेकायचे पात्र यापुढे मठात येणार नाही, असा शब्द त्याने गुरूंना दिला. मग तो दारोदार हिंडला. गावच्या व्यापाऱ्याने एकट्याने तीनशे स्टीलची ताटे दिली आणि रीतीप्रमाणे प्रत्येकावर स्वतःचे नाव घालून दिले. शिष्याला आभाळ ठेंगणे झाले.

पण पुढच्या पंगतीत भलतेच घडले. मंडळी जेवली आणि खरकटी ताटे तिथेच टाकून हात झटकत निघून गेली. घासता घासता चार सेवेकऱ्यांच्या पाठी मोडल्या. विश्वस्तांनी सांगून टाकले, की आणखी एक पंगत पाहू, नाहीतर थर्माकोल परत आणू. शिष्याच्या तोंडचे पाणी पळाले. दिलेला शब्द आता राहतो कसला!

गुरूंनी सारे ऐकून घेतले. दुसऱ्या सकाळी शिष्य पाहतो तर काय, वृद्ध गुरू ओसरीवर मांडी ठोकून बसलेले, हातात पॉलिश पेपर, आणि ताटांवरचे दात्याचे नाव घासून काढताहेत! शिष्य गडबडला. कुणकुण लागताच व्यापारी तणतणत आला. गुरूंनी त्याला जवळ बसवून घेतले आणि विचारले, "लहानपणी तुला घास कोणी भरवला?"

आई बाळंतपणातच गेली, व्यापारी म्हणाला. शेजारच्या कोंडाबाईने वाढवले. गुरूंनी भांड्यांवर नावे घालणाऱ्याला बोलावले आणि व्यापाऱ्यासमोरच एका ताटावर कोंडाबाईचे नाव घालून घेतले. मग महिनाभर गावातला जो तो येऊन आपल्याला भरवणाऱ्याचे नाव सांगून जाऊ लागला.

पुढच्या पंगतीला प्रत्येक जण आपले ताट शोधून बसला. जेवणे झाली आणि नळावर ही लांबलचक रांग लागली. त्यात सर्वांत पुढे व्यापारी होता. त्याने ताट दोनदा घासले, उपरण्याने पुसले आणि हलक्या हाताने फळीवर ठेवले. सेवेकऱ्यांना घासायला काही उरलेच नाही.

शिष्याने हात जोडले आणि हे घडले कसे, ते विचारले.

गुरू म्हणाले, "बाबा रे, तू पात्र बदललेस, ते उत्तमच केलेस. पण फेकण्याची सवय हाताला लागलेली असते. ताट परक्याचे वाटले, की उठणाऱ्याला ते आणि थर्माकोल सारखेच. जिने आपल्याला भरवले, तिचे नाव उष्टे टाकून उठायला मात्र कोणाचे मन होत नाही."

आपले ताट उचलून शिष्य नळाकडे गेला. त्यावर त्याने गुरूंचेच नाव घालून घेतले होते.