प्रधानजींचं जांभळं गंगाजल

“या पुडीनं पाणी रंगवून दाखव, नाहीतर तुझा बाप कोठडीतच म्हातारा होईल!” रणधीरराजे गरजले आणि त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली. त्या तपकिरीपायी महाराजांना कित्येक वर्षांत कसलाच वास आला नव्हता. दरबाराचं सगळं भलं त्यातच होतं म्हणा!

समोर सटवाजी रंगाऱ्याची बकुळा उभी होती. केसांच्या तेलाला रतनजोतीची पूड लालभडक करते हे पाहून महाराजांनी सटवाजीला रंगपंचमीचा हौद त्याच पुडीनं रंगवायला सांगितला होता. “पाण्यात ती रंग सोडत नाही,” सटवाजी सांगत राहिला. हौद कोराच राहिला आणि प्रधान त्रिंबकपंतांनी महाराजांचे कान भरले, “रंगारी भामटा आहे!”

“दुसरं काही मिसळायचं नाही,” आताही प्रधानजींनी मेख मारली. “आणि पाणी दरबारातलंच हवं!”

“दरबारातलंच घेते की!” बकुळा म्हणाली.

राज्यात दारूबंदी झाल्यापासून एकेक सरदार मांडीशी गंगाजलाची झारी घेऊन बसे. दुपार कलली की भक्ती अशी दाटून येई, की जीभ अडखळे!

“तुमच्याइतकं पवित्र गंगाजल कुणाचं, प्रधानजी? वाटीभर द्या!”

“छे, छे! ते देवाचं आहे!”

“द्या हो!” महाराज ओरडले.

बकुळेनं वाटीत चिमूट टाकून ढवळलं. बघता बघता वाटी जांभळी!

“हे पाणी नाही!” प्रधानजी उसळले.

“नाही? मग काय आहे?” बकुळेनं विचारलं.

प्रधानजींनी झारी मांडीखाली सरकवली. “पाणी... पाणीच आहे.”

“मोठ्यानं सांगा, महाराजांच्या कानात तपकीर नाही!”

“पाणीच आहे!!”

“ऐकलंत, महाराज? रंगलं पाणी. सोडा माझ्या बापाला!”

“पण तेलात लाल, हौदात कोरी आणि इथं जांभळी? हे कसं?”

“रतनजोत संगत बघून रंग दाखवते, महाराज. तेलात लाजून लाल होते, पाण्याशी अबोला धरते. प्रधानजींच्या गंगाजलात मात्र तिची भीड चेपली!”

महाराजांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “टाका रे, सगळ्यांच्या झारीत चिमूट टाका!”

घटाघटा, घटाघटा! क्षणात दरबारातल्या सगळ्या झाऱ्या रिकाम्या.

“राहिला एवढा तुमचा चांदीचा तांब्या,” बकुळा म्हणाली.

महाराजांचा पंजा झटकन तांब्यावर बसला. “पोरी... पूड संपली असेल ना गं?”

“आत्ताच संपली, महाराज!” म्हणत बकुळेनं भरलेली पुडी कमरेला खोचली.

महाराज असे हसले, की तपकीर प्रधानजींच्या पागोट्यावर उडाली! सटवाजी त्याच घटकेला सुटला, बकुळेला भरजरी शेला मिळाला, आणि राज्यातल्या गंगाजलाच्या तपासणीचा अधिकारही.