खो दिल्यावर

“...मग पोरीला तालुक्याच्या संघात घालू, की इथंच राहू दे?”

महांतेश उभ्यानेच विचारत होता. मातीत बसलं की पँटची इस्त्री मोडते.

रामलिंग तात्या मैदानावर फक्कीने चौक आखत होते. त्यांनी मान वर केली नाही.

महांतेश त्यांचाच जुना शिष्य. आता गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, आणि ते तो विसरत नसे. त्याची गिरिजा तात्यांच्या खो-खो संघात सगळ्यांत चपळ. तालुक्याच्या संघाने तिला बोलावलं होतं. तिथे मॅट होती, बूट होते, बाहेरगावचे सामने होते. इथे माती आणि तात्या. खो-खोला नऊ जणी लागतात, आणि तात्यांकडे नेमक्या नऊच होत्या.

हेही महांतेशने मुद्दाम बोलून दाखवलं. म्हातारा अडवतो का, ते त्याला बघायचं होतं.

“गिरिजा काय म्हणते?”

“बोलतच नाही. रोज विचारतो. दोन्हीकडचे फायदे सांगतो, तोटे सांगतो, मग विचारतो. गप्प बसते.”

तात्यांनी हाताची फक्की झाडली. शिट्टी मारली.

पोरी येऊन चौकांत बसल्या. एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. पळायला, अजून संघात न घेतलेल्या लहान पोरी उभ्या राहिल्या. पाठलाग करणारीला तात्यांनी बाजूला घेतलं.

“तिच्या जागी तू,” ते महांतेशला म्हणाले. “बूट काढ. गिरिजाला खो दे.”

पोरी खुदकन हसल्या.

महांतेश अनवाणी धावला. गिरिजाच्या मागे वाकून त्याने पाठीला हात लावला.

“खो! डावीकडे घे. अगं डावीकडे, ती बघ, नाही, थांब...”

गिरिजा अर्धी उठून अडकली. लहान पोरी कमरेवर हात ठेवून मजा बघत राहिल्या.

शिट्टी वाजली.

“काय चुकलं?” महांतेशने विचारलं.

“खो एका शब्दाचा असतो.”

महांतेशने पँट झटकली.

“लहानपणीही मागून ओरडायचास,” तात्या म्हणाले. “तेव्हा पोटरीवर छडी द्यायचो. आता इस्त्रीचा मान ठेवतो.”

या वेळी गिरिजाच सगळ्यांत मोठ्याने हसली. महांतेशने तिला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

तो पुन्हा वाकला. समोर पाठ होती, दोन वेण्या होत्या, वेण्यांना माती लागली होती.

“खो.”

आणि त्याने ओठ मिटून घेतले.

गिरिजा सुटली. उजवीकडे. एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत माघारी फिरता येत नाही; ती फिरलीही नाही. खांबाला वळसा घालून आली आणि पळणाऱ्या पोरीला तिने अलगद टिपलं. मैदानभर आरडाओरडा झाला.

धापा टाकत ती बापासमोर थांबली. कुणी काही विचारलं नव्हतं.

“बाबा, मला जायचंय. मॅटवर पळून बघायचंय.”

पोरी तिच्याभोवती गोळा झाल्या. मग एक जण म्हणाली, सामन्यात समोर आलीस की पहिली तुलाच बाद करू. गिरिजा म्हणाली, आधी पकडा तर. आणि सगळ्या तिच्यामागे धावल्या.

महांतेश तिथेच उभा होता. त्याचा आवाज खाली आला होता.

“तात्या... नाही जमलं तिला तर?”

“पुढे खांब आहे. तिथून वळता येतं.”

“आणि तुमचा संघ? आठच राहिल्या.”

तात्यांनी गिरिजाच्या रिकाम्या चौकाकडे बोट केलं.

“खो दिलास ना? मग तिच्या जागी बस.”